धान्य बँक काढायची असेल तर आधी तराजू घ्या

धान्य बँक सुरू करायची म्हटलं की पहिली सूचना येते बॅनरची, दुसरी टी-शर्टची. तराजू कोणालाच आठवत नाही. मी सगळी नोकरी पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात, स्टोअरमध्ये काढली. त्यामुळे मला माणसाआधी माल दिसतो, हे आधीच सांगून टाकते. इंदूरला सुदामा नगरच्या बाजूला आम्ही काही जण मिळून जी धान्य बँक चालवतो, ती याच डोक्याने चालते. माल आला, तपासला, तोलला, लिहिला, ठेवला आणि खराब व्हायच्या आत बाहेर गेला. दुसऱ्या गावातले ओळखीचे लोक "आम्हालाही काढायची आहे, कसं करता?" म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, अन्नछत्र वेगळं आणि धान्य बँक वेगळी. अन्नछत्रात शिजतं आणि पान वाढलं जातं. धान्य बँक बहुतेक वेळा पडद्यामागे असते. डाळ मिल, किराण्याचे ठोक व्यापारी, मंडी, सोसायट्या यांच्याकडून माल घ्यायचा आणि जे आधीपासून कोणाला तरी जेवू घालत आहेत त्यांना पुरवायचा: वस्तीतली बालवाडी, मुलींचं वसतिगृह, रैन बसेरा (बेघरांचा रात्रनिवारा), एखादी म्हाताऱ्या माणसांची खानावळ. अमेरिकेत फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगल यांनी १९६७ साली सेंट मेरीज फूड बँक काढली, ती जगातली पहिली मानतात. तिथली कल्पना साधी होती, ज्याच्याकडे जास्त आहे त्याने जमा करावं, ज्याला हवं त्याने काढावं. आपल्याकडे हे अगदीच नवं नाही. वार लावून जेवणारा विद्यार्थी सात घरी सात वार जेवायचा. त्यात दया किती होती ते सोडा, पण वेळापत्रक पक्कं होतं. सोमवारी सात घरची ताटं आणि मंगळवारी उपास, असं होत नव्हतं. आजच्या दानात नेमकं तेच होतं. अन्नकुटाच्या दिवसांत इंदुरात कोणी उपाशी राहायचं म्हटलं तरी राहू देणार नाहीत, आणि पौषात तीच वस्ती कोणाला आठवत नाही.

देण्याआधी विचारा

सुरुवात गोळा करण्यापासून करू नका. जिथे द्यायचं आहे तिथे जाऊन चुलीपाशी बसा. आमच्याकडे झाबुआकडून बांधकामावर आलेली एक बाई पहिल्याच वाटपात स्पष्ट म्हणाली, "दीदी, गेहूँ तो कंट्रोल से मिल जाता है, तेल दे दो." कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. सगळं शास्त्र या एका वाक्यात आलं.

हिशेब करून बघा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात पात्र कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्ड असेल तर घराला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे मोफत आहे. माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. दिवसभर तगारी वाहणाऱ्या माणसाला तेवढं पुरत नाही, हे खरंच. पण तरी घरात गहू-तांदूळ असतो. नसते ती डाळ, तेल, तिखट-हळद, गूळ, आणि गहू दळून आणायचे पैसे. अशा घरी तुम्ही दहा किलो गव्हाची पिशवी नेऊन दिलीत तर ते ती विकून तेल आणतील, आणि मग तुमचेच कार्यकर्ते "बघा, हे लोक दान विकतात" म्हणून कुरकुर करतील. विकणारच. तुम्ही त्यांना नको ते दिलंत.

म्हणून आमच्या किटमध्ये कार्ड असलेल्या घरासाठी गहू नसतोच. डाळीचा हिशेब माणशी रोज ३० ग्रॅम धरतो, म्हणजे पाच माणसांच्या घराला महिन्याला साडेचार किलो. जोडीला तेल, शेंगदाणे, गूळ, चहा-साखर, मीठ-मसाला. डाळ कोणती, हेही चुलीवर ठरतं. कुकर नसेल आणि लाकडं वेचून आणायची असतील तर तूर हा छळ आहे, शिजता शिजत नाही. तिथे मसूर आणि मूग. ज्यांच्याकडे चूलच नाही, पुलाखाली किंवा दुकानाच्या ओट्यावर झोपतात, त्यांना फुटाणे, सातू, गूळ, शेंगदाणे आणि पोहे. पोहे नुसते भिजवले तरी पोट भरतं. इंदूरच्या माणसाला हे सांगायला नको, पण किट बांधताना नेमका त्यालाच विसर पडतो.

आणखी एक प्रश्न विचारा: कोणत्या तारखांना ओढ बसते? बहुतेक वस्त्यांत महिन्याचा शेवटचा आठवडा. बांधकामावरच्या मजुरांना जोराचा पावसाळा, कारण स्लॅबची कामं थांबतात. आणि जिथे शाळेत जाणारी मुलं आहेत तिथे उन्हाळ्याची सुट्टी. सरकारी शाळेत आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं, ते सुट्टीत बंद. घरात अचानक दोन-तीन ताटं वाढतात आणि त्याच दिवसांत दाते उटीला किंवा मुलीकडे पुण्याला गेलेले असतात. आम्ही मे-जूनचा साठा फेब्रुवारीपासून बाजूला काढायला लागतो.

माल कुठून आणायचा

घराघरातून पिशव्या गोळा करणं दिसायला छान, पण कामाला जड. चाळीस घरांतून चाळीस प्रकारचे तांदूळ येतात, निम्मे उघडलेले. त्यापेक्षा एक डाळ मिल धरा. इंदुरात डाळ मिला पुष्कळ आहेत. डाळ भरडताना तुकडा पडतो, त्याला कणी म्हणा. चवीत, गुणात काही कमी नाही, फक्त दिसायला अर्धी. बाजारात तिला भाव कमी मिळतो. ही कणी आम्ही थोडी दानात, थोडी कमी भावात उचलतो. बालवाडीच्या खिचडीत ती अख्ख्या डाळीपेक्षा बरी, कारण लवकर शिजते. मात्र कणी आणि चुणी यांत फरक करा. टरफलासकट येणारी चुणी जनावरांची.

सियागंजमधल्या ठोक व्यापाऱ्यांकडे मागायला जाताना "काही द्या" म्हणून जाऊ नका. "फाटलेल्या पिशव्यांचा, तारीख तीन महिन्यांवर आलेला माल दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही उचलू, गाडी आमची, पावती देऊ" असं सांगा. व्यापाऱ्याला दानापेक्षा जागा रिकामी होण्यात रस असतो आणि त्यात वावगं काही नाही. ठरलेल्या दिवशी गाडी गेलीच पाहिजे. एकदा चुकलात की दुसऱ्यांदा तो माल दुसरीकडे वळवतो. छावणीच्या अनाज मंडीत आणि चोइथराम मंडीत हम्माल आणि तुलावटी (माल तोलणारे) यांच्याशी ओळख ठेवा. कोणाकडे आज भाव पडल्यामुळे कांदा तसाच पडून आहे, हे त्यांना मालकाआधी माहीत असतं. भाजीपाला घेणार असाल तर त्याच दिवशी वाटला जाईल एवढाच घ्या. हिरवा पडलेला बटाटा फुकट मिळाला तरी नको, त्यात सोलॅनिन असतं आणि ते शिजवून जात नाही.

सोसायट्यांना मात्र एकच वस्तू सांगायची. या महिन्यात सगळ्यांनी शेंगदाणे, पुढच्या महिन्यात सगळ्यांनी गूळ. अधिक महिन्यात ३३ अनारसे देतात ना, तसं ३३ मुठी मसूर द्या म्हटलं तर आमच्या रामबाग-लोकमान्य नगरच्या काकवा हौसेने देतात. धर्मही होतो आणि आमचं निवडणंही वाचतं.

तपासणी

इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण बाकी सगळं चुकलं तरी निभावतं, इथे चुकलं तर कोणाचं तरी पोट बिघडतं.

पोतं आलं की तोंडाशी दिसतं त्यावर जाऊ नका. मंडीत पोत्यात खुपसून नमुना काढायची लोखंडी नळी असते, तिला परखी म्हणतात. एक विकत घ्या. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून असे तीन नमुने काढा आणि पांढऱ्या थाळीत पसरा. हात घालून बघा, गरम लागतं का? गरम लागलं तर आत ओल आहे किंवा कीड. नाकाशी धरा, कुबट वास आला की विषय संपला. मग एक दाणा दाढेखाली धरून चावा. कट्कन फुटला तर वाळलेला, चेपला गेला तर ओलसर. ओलसर धान्य साठवणीत घेतलं की शेजारची चांगली पोतीही जातात. आमच्या एका कार्यकर्त्या मुलाने आधी तोंड वाकडं केलं होतं, आता तो दाणा चावून भाव सांगतो.

तुरीच्या डाळीत लाखीची डाळ मिसळलेली असू शकते. तुरीची पाकळी गोलसर असते, लाखीची तिरपी, पाचरीसारखी, कडा निघालेल्या. लाख सतत खाण्यात आली तर पाय लुळे पडण्याचा आजार होतो. थाळीत एकही संशयित दाणा दिसला तर भिंग घेऊन बसा, खात्री होत नसेल तर पोतं परत करा.

बंद पाकिटांवर दोन प्रकारच्या तारखा असतात. "बेस्ट बिफोर" म्हणजे तोवर चव आणि दर्जा उत्तम. "एक्स्पायरी" किंवा "यूज बाय" म्हणजे त्यापुढे खायचं नाही. दुसरी तारीख उलटलेला माल दारातूनच परत, देणारा कितीही मोठा असो. पहिली तारीख जवळ आलेला माल आम्ही घेतो, पण वाटप त्याच आठवड्यात होणार असेल तरच. फुगलेला डबा, गंज चढलेला डबा, सुटं तेल, सुटा मसाला, घरचं लोणचं नाही म्हणजे नाही. घरच्या लोणच्याला नाही म्हणणं सगळ्यात अवघड. तिथे मी पुढे होते, कारण वयामुळे माझ्यावर कोणी रुसत नाही.

साठवण

जमिनीला पोतं टेकवायचं नाही, लाकडी फळ्यांवर ठेवायचं. भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागून झाडू फिरतो आणि उंदरांना आडोसा मिळत नाही. पावसाळ्यात पोत्यांपेक्षा घट्ट झाकणाचे पिंप बरे. गव्हाला सोंडे, डाळीला भुंगे, पिठाला जाळी लागणारच असं धरून चाला. म्हणून पीठ आम्ही साठवतच नाही, वाटपाच्या आदल्या दिवशी दळतो. कडुनिंबाचा पाला घाला, ऊन द्या, चाळा. पण कोणी मंडीतून सल्फासच्या गोळ्या आणून देतो म्हणाला तर त्याला हात जोडा. त्यातून फॉस्फीन वायू निघतो, बंद खोलीत माणूस मरतो.

आधी संपणारं आधी बाहेर. प्रत्येक पोत्यावर खडूने आल्याची आणि संपण्याची तारीख. रजिस्टरात तारीख, कोणाकडून, काय, किती तोललं, निवडून किती उरलं, कोणाला गेलं. "निवडून किती उरलं" हा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत, आणि तोच सगळ्यात बोलका असतो. कोणता दाता खरंच धान्य देतो आणि कोण कोठार साफ करून घेतो, ते तीन महिन्यांत कळतं. तराजू इलेक्ट्रॉनिक घ्या आणि नापतोल (वजनमाप) खात्याचा शिक्का करून घ्या. तोललेलं असलं की भांडणं होत नाहीत.

नासलेलं काय करायचं? इंदुरात ओला कचरा वेगळा देण्याची सवय आता अंगात मुरली आहे. देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यावर चालेल असा बायो-सीएनजीचा (बस चालवायच्या गॅसचा) प्रकल्प २०२२ पासून उभा आहे. अभिमान मलाही आहे. पण संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतात घरोघरी माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे, आणि त्यातलं बरंच टाकण्याच्या एक दिवस आधी खाण्यासारखं असतं. खाण्याजोग्या डाळीवर बस चालवण्यात कसली शेखी?

लग्नातलं उरलेलं

फोन येतो तो रात्री अकराला, मॅरेज गार्डनमधून. "ताई, चारशे माणसांचं उरलंय, घेऊन जा." आम्ही बहुतेक वेळा नाही म्हणतो, आणि तुम्हीही नाही म्हणायला शिका. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली गार असलं पाहिजे, मधल्या तापमानात जंतू वाढतात. भात तर विशेष फसवा. त्यात बॅसिलस सेरिअस नावाचा जीवाणू शिजवूनही बीजरूपात टिकतो, भात तासन् तास कोमट राहिला की विष तयार करतो, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. इंदूरच्या मे महिन्यात तर घड्याळ दुप्पट वेगाने धावतं.

घ्यायचंच असेल तर पाहुण्यांसमोर मांडलेल्या भांड्यातलं नाही, आचाऱ्याच्या कढईतलं, जे पंगतीत गेलंच नाही तेवढंच. पनीर, दही, रायतं, चटणी, कापलेली फळं सोडून द्या. पुऱ्या, सुकी भाजी, बुंदी, शेव चालते. शेव नाही असं इंदुरात लग्न होत नाही, त्यामुळे ती नेहमी मिळते. डब्यावर कुठून आलं, कधी शिजलं, शाकाहारी की मांसाहारी आणि किती वाजेपर्यंत खायचं हे लिहा. उरलेल्या अन्नाच्या वाटपाबाबत अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत, ते वाचा, आणि प्राधिकरणाच्याच फॉस्कॉस पोर्टलवर नोंदणी करून घ्या. हे काम पूर्णवेळ करणारे वेगळे गट असतात. त्यांच्याकडे गाडी आणि गरम पेट्या असतील तर फोन त्यांच्याकडे वळवा.

वाटप

आम्ही वस्तीत टेबल मांडून वाटत नाही. भागीदार संस्था महिन्याच्या वीस तारखेपर्यंत यादी देते, आम्ही पुढच्या पाच दिवसांत भरून ठेवतो, त्यांची लोडिंग रिक्षा येऊन घेऊन जाते. शेवटच्या आठवड्याची ओढ म्हणून या तारखा. नवीन भागीदार घेताना त्यांच्या स्वयंपाकघरात न सांगता एकदा जायचं. भांडी किती मोठी आहेत त्यावरून खरी ताटं कळतात.

सरकारी एमवाय हॉस्पिटलबाहेर आणि खजराण्याच्या देवळापाशी वाटायला सगळ्यांना आवडतं, पोचायला सोपं आणि घेणारे हात तयार. तिथे एकाच माणसाच्या पिशवीत तीन पाकिटं जातात. ज्या वस्तीत रिक्षावालाही आत यायला कां कूं करतो, तिथे एक वर्ष नेमाने जा. आणि फोटो काढायचे ते पोत्यांचे, पिंपांचे, रजिस्टराचे. घेणाऱ्याच्या तोंडाचा फोटो आमच्याकडे बंद आहे. एका दात्याने त्यावरून हात आखडता घेतला, घेऊ दे.

पैशांचं थोडक्यात. धान्य फुकट मिळालं तरी भाडं, हम्माली, डिझेल, दळण फुकट नसतं. वस्तूंच्या दानावर दात्याला आयकरात सवलत मिळत नाही, नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या पैशांवर मिळते, पण दात्याने जुनी करपद्धत घेतली असेल तरच, आणि रोख दिले तर दोन हजारांपर्यंतच. हे देणाऱ्याला आधी सांगा, मार्चमध्ये वाद नको.

पर्चीचं काम

लोकांना रेशनची पर्ची काढून देणं, याला धान्य बँकेचं काम म्हणायचं का, यावर आमच्यात वाद झाला होता. माझं मत, हेच मोठं काम. महिन्याला आम्ही एका घराला जेवढं देतो त्याच्या कित्येक पट धान्य कंट्रोलमधून मिळू शकतं, फक्त कागद पूर्ण हवेत. मध्य प्रदेशात समग्र आयडी (राज्य सरकारचा कुटुंबाचा नोंदणी क्रमांक) लागतो, त्यावर घरातल्या प्रत्येकाचं नाव हवं, आधारशी जोडणी आणि ई-केवायसी हवी, मग पात्रता पर्ची, म्हणजे रेशन मिळण्याची चिठ्ठी, निघते. सून घरात येऊन चार वर्षं झाली तरी तिचं नाव माहेरच्या समग्रमध्येच, असं अनेक घरांत सापडतं. कायद्यातली लाभार्थ्यांची मर्यादा अजून २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे, त्यामुळे नव्या नावांना वेळ लागतो. पाठपुरावा करावा लागतो आणि अडलं की मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या १८१ वर तक्रार टाकावी लागते.

गावाकडचं कार्ड असलेल्यांना सांगा की "वन नेशन वन राशन कार्ड"मुळे इंदूरच्या दुकानातही अंगठा लावून धान्य घेता येतं. अर्धं घर गावी असेल तर थोडं इथे, थोडं तिथे असंही उचलता येतं. अनेकांना हे ठाऊकच नसतं, आणि दुकानदाराला सांगायची घाई नसते. पहिल्यांदा आमचा एक माणूस सोबत जातो.

पर्ची सुरू झाली की किटमधून गहू-तांदूळ काढायचा, डाळ-तेल मात्र आणखी दोन महिने चालू ठेवायचं, कारण पहिल्या महिन्यात यंत्र अंगठा घेत नाही, दुसऱ्या महिन्यात दुकानात माल आलेला नसतो. मग नाव बंद करायचं आणि प्रतीक्षा यादीतलं पुढचं घ्यायचं. बंद करताना कारणाचा रकाना भरायचाच: पर्ची लागली, गावी परत गेले, पक्कं काम मिळालं. "येत नाहीत" हे कारण आमच्या रजिस्टरात चालत नाही. असं कोणी लिहिलं तर त्याच आठवड्यात त्या घरी जाऊन यायचं काम लिहिणाऱ्याचं.